१२ मुलांच्या वर्गाचा निकाल वाचायचा कसा? (जुलै ते एप्रिल)

पाणंद (धागाकर्ता)

एप्रिलअखेर केंद्रातून (परिसरातल्या शाळांच्या गटाकडून) जो तक्ता शाळेत येतो, त्यात वर्गामागे दोनच आकडे असतात: जुलैची सरासरी आणि एप्रिलची सरासरी. पुढे हिरवा नाहीतर लाल बाण. तोच तक्ता शाळा व्यवस्थापन समितीत वाचला जातो, आणि बाण लाल असला की बैठकीचा उरलेला वेळ त्यातच जातो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाडीवस्तीच्या शाळांत एकेका इयत्तेत आठ, दहा, फार तर बारा मुलं. एवढ्याशा पटावर तो बाण किती खरा मानायचा, यासाठी हा धागा.

बोलायला काहीतरी समोर हवं म्हणून एक वर्ग मांडतो. आकडे बनवलेले आहेत, पण घडण ओळखीची वाटेल. इयत्ता चौथी, गणित, २० गुणांची लेखी चाचणी, गुण टक्क्यांत केलेले. आधी जुलै, मग एप्रिल.

अ: ९०, ८५
आ: ८५, ९०
इ: ८०, ८०
ई: ७०, ७०
उ: ६०, ७०
ऊ: ५५, ६५
ए: ५०, ६५
ऐ: ४५, ६०
ओ: ३५, ५०
औ: ३०, ३०
क: ७५, दाखला नेला
ख: ८५, दाखला नेला
ग: जुलैत नव्हता, २०

जुलैत १२ मुलं, सरासरी ६३.३. एप्रिलात ११ मुलं, सरासरी ६२.३. बाण लाल. या वर्गाबद्दल समितीला काय सांगायचं?

सातवीण

आधी तो बाण पुसा. जुलैच्या सरासरीत क आणि ख आहेत, एप्रिलच्या सरासरीत ग आहे. म्हणजे दोन वेगळ्या वर्गांची तुलना झाली आणि तिला 'घसरण' असं नाव पडलं. दोन्ही वेळा पेपर दिलेली मुलं दहा. फक्त त्यांची सरासरी काढा: जुलै ६०.०, एप्रिल ६६.५. वाढ साडेसहाची. मध्यक, म्हणजे गुण क्रमाने लावल्यावर येणारा मधला आकडा, ५७.५ वरून ६७.५. तीच पोरं, तेच पेपर, आणि बाणाची दिशाच फिरली.

संपादणूक आणि प्रगती हे दोन निराळे प्रश्न आहेत, हे इथेच ठरवून टाकू. 'आज वर्ग कुठे आहे?' याचं उत्तर द्यायचं तर एप्रिलची सगळी ११ मुलं धरायची, ग सकट. तो वर्गात बसतोय, त्याला सोडून कसं चालेल? 'वर्षभरात किती पुढे आले?' याचं उत्तर फक्त जुळलेल्या दहांवरून. तक्त्यात दोन्ही लिहा, पण दोहोंचा पट वेगवेगळा लिहा. 'न = ११' आणि 'न = १०' एवढं शेजारी असलं तरी निम्मे वाद मिटतात.

आपल्याकडे हा घोळ जास्त होतो, कारण पट दोन्ही बाजूंनी हलतो. बरी वाचणारी मुलं तालुक्याच्या इंग्रजी माध्यमात किंवा आईवडिलांकडे मुंबईला जातात. दिवाळीनंतर रायगडातली कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर, कोळशाच्या कामावर जातात. त्याच सुमारास आंब्याच्या बागांवर राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबांची मुलं इथल्या वर्गात दाखल होतात. क आणि ख यांचा दाखला गेल्याने सरासरी उतरते, पण त्यात कुणाचं शिकणं कमी झालेलं नसतं.

खाजण

सातवीणशी सहमत. मात्र जुळणी करताना एक्सेलमध्ये काय बिघडतं तेही इथे नोंदवून ठेवतो, कारण बहुतेक 'धक्कादायक निकाल' तिथेच जन्माला येतात.

नावावरून जुळणी करू नका. जुलैच्या पत्रकात आडनाव आधी, एप्रिलच्या पत्रकात नाव आधी. एकीकडे वडिलांचं नाव, दुसरीकडे नाही. स्टुडंट आयडी किंवा युडायसचा (शाळांच्या सरकारी नोंदणीतला) पेन नंबर घ्या आणि व्हीलुकअप, म्हणजे दुसऱ्या पत्रकातून गुण शोधून आणणारं सूत्र, त्यावर लावा, शेवटचा भाग 'फॉल्स' ठेवून. तो विसरलात तर एक्सेल जवळपासचा आयडी उचलतो आणि भलत्याच मुलाचे गुण आणून ठेवतो, वर चूकही दाखवत नाही.

आयडी १५ अंकांपेक्षा लांब असेल तर तो रकाना आधी 'टेक्स्ट' करा, मगच चिकटवा. आकडा म्हणून चिकटवला की एक्सेल पंधराव्या अंकापुढे शून्यं भरतं. मग एका शाळेतल्या सगळ्या मुलांचा आयडी एकच दिसू लागतो.

गैरहजर मूल म्हणजे शून्य नव्हे. रकाना रिकामा सोडला तर सरासरीचं सूत्र त्याला वगळतं. ० टाकला तर धरतं. दहाच्या वर्गात ६० सरासरी असताना एक गैरहजर शून्य म्हणून गेला तर सरासरी सहाने पडते. जुलैत पायाभूत चाचणीच्या दिवशी वहाळाला पाणी आलं आणि पलीकडच्या वाडीची तीन मुलं आली नाहीत, तर तक्त्यात काय होईल ते बघा. अशा मुलांची चाचणी आठवड्याभरात घ्यायची आणि शेऱ्यात तारीख लिहायची.

आणखी एक, अस्सल मराठी अडचण: गुण देवनागरी अंकांत टाइप केले असतील तर एक्सेल बहुतेक वेळा त्यांना मजकूर समजतं आणि सरासरीतून मुकाट्याने वगळतं. सरासरीच्या खाली 'काउंट'चं सूत्र टाका. मुलं दहा आणि काउंट सात आला की समजायचं.

तिठा

एक विचारू? आपली दोन्ही जिल्ह्यांची पोरं दहावीला दरवर्षी राज्यात पहिली. मग चौथीच्या बारा पोरांवर एवढा काथ्याकूट कशाला? शेवटी निकाल चांगलाच लागतोय की.

साकव

तिठा, तो निकालही उघडून बघू. दहावीचा कोकण विभागाचा निकाल २०२३ मध्ये ९८.११ टक्के, २०२४ मध्ये ९९.०१, २०२५ मध्ये ९८.८२. राज्याचा अनुक्रमे ९३.८३, ९५.८१, ९४.१०. पहिला नंबर खराच आहे, त्याबद्दल शंका नाही.

पण हा आकडा सांगतो एवढंच की ३५ची रेघ किती जणांनी ओलांडली. ३६ वाला आणि ९६ वाला त्यात सारखेच. आणि जिथे शंभरातले नव्याण्णव रेघेपलीकडे आहेत, तिथे त्या मापाला हलायला जागाच उरत नाही. २०२४ ते २०२५ची 'घसरण' ०.१९, म्हणजे दर दहा हजारांत १९ विद्यार्थी. त्यावर 'कोकणचा निकाल घसरला' असा मथळा छापता येतो, पण कुठल्या शाळेने काय करायचं हे त्यातून कळत नाही. शाळेला उपयोग हवा तर त्याच निकालपत्रकातून ७५ च्या वर किती, ६० ते ७५ किती, ४५ ते ६० किती, ३५ ते ४५ किती असं मोजा आणि तीन वर्षं शेजारी ठेवा. पटाचा फुगवटा ६०च्या वर आहे की ४५च्या आसपास, हे तिथे दिसतं.

दुसरं, मंडळाच्या भाषेत कोकण विभाग म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग एवढंच. रायगड मुंबई विभागीय मंडळात मोजला जातो. महसुली कोकण विभाग आणखी वेगळा, त्यात मुंबई-ठाणे-पालघरही आले. बातम्यांमधले आकडे एकमेकांशेजारी ठेवताना हे तपासा.

तिसरं, छेद. दहावीला बसलेल्यांत उत्तीर्ण किती हे कळतं. आठवीत जेवढे होते त्यांतले किती दहावीला बसले हे कळत नाही. नववीत थांबवलेले, १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवलेले, शाळा सोडून बोटीवर किंवा मुंबईला गेलेले, हे सगळे टक्केवारीच्या बाहेर. आठवीच्या जनरल रजिस्टरवरून सुरुवात करून दहावीच्या हॉल तिकिटापर्यंत नावानिशी यादी लावा, मग खरा छेद मिळेल.

तिठा

मान्य. गळलेल्या पोरांचो हिशोब कोण देतलो, हा प्रश्न उरतोच.

कुळागर

मूळ वर्गाकडे येते. सातवीणने साडेसहाची वाढ काढली, पण मला त्या साडेसहालाही हात लावायचा आहे. जुलैचा पेपर तिसरीच्या अभ्यासक्रमावर, एप्रिलचा चौथीच्या. दोन वेगळ्या पट्ट्यांनी मोजलेली उंची आपण वजा करतोय. एप्रिलचा पेपर कठीण असेल तर ७० वरून ७० वर राहिलेला ई प्रत्यक्षात वर्षभराचं शिकलेला आहे. सोपा असेल तर ५० वरून ६५ वर गेलेला ए जागीच असू शकतो.

यावर दोन उपाय, दोन्ही केंद्राच्या पातळीवर जमण्यासारखे.

एक, सामाईक प्रश्न. केंद्र स्वतःची चाचणी काढत असेल तर दोन्ही पेपरांत तेच पाच-सहा प्रश्न जसेच्या तसे ठेवा: आकडेही तेच, भाषाही तीच, जागा मात्र बदललेली. फक्त त्या प्रश्नांवरची वाढ ही एकाच पट्टीने मोजलेली वाढ. हे प्रश्न जुलैनंतर मुलांना सोडवून दाखवायचे नाहीत आणि प्रश्नपत्रिका परत गोळा करायच्या. हे पाळलं गेलं नाही तर उपाय वाया.

दोन, केंद्राशी तुलना. समजा केंद्रातल्या सगळ्या शाळांची जुळलेली मुलं १६०, त्यांची सरासरी जुलैत ६१, एप्रिलात ५८. म्हणजे एप्रिलचा पेपर सगळ्यांनाच जड गेला. आपला वर्ग जुलैत केंद्राच्या १ खाली होता, एप्रिलात ८.५ वर आहे. आता ६.५ पेक्षा हे वाक्य जास्त बोलकं आहे. केंद्राची सरासरीसुद्धा जुळलेल्या मुलांचीच हवी, नाहीतर पुन्हा पहिल्याच खड्ड्यात.

याच्या पुढची पायरी म्हणजे सुरुवात सारखी असलेल्या मुलांशी तुलना. १६० मुलांचे जुलैच्या गुणांवरून चार गट करा आणि प्रत्येक गटाची एप्रिलची सरासरी काढा. समजा अशी आली: ४० पर्यंतच्यांची ४२, ४१ ते ६० ची ५२, ६१ ते ८० ची ६२, ८१ च्या वरच्यांची ७८. ही झाली 'अपेक्षा'. मग प्रत्येक मुलाचे एप्रिलचे गुण वजा अपेक्षा:

अ +७, आ +१२, इ +१८, ई +८, उ +१८, ऊ +१३, ए +१३, ऐ +८, ओ +८, औ −१२.

सरासरी +९.३. सारखीच सुरुवात असलेल्या केंद्रातल्या मुलांपेक्षा हा वर्ग सरासरी नऊ टक्के पुढे आला. इंग्लंडमध्ये २०१६ पासून माध्यमिक शाळांसाठी 'प्रोग्रेस ८' नावाचं माप आलं, त्याचा गाभा हाच: प्राथमिकच्या शेवटी ज्यांचे गुण सारखे होते त्यांच्याशीच तुलना. कोविडमुळे तिथल्या २०२० आणि २०२१ च्या प्राथमिकच्या परीक्षा रद्द झाल्या, म्हणून त्या तुकड्या सोळाव्या वर्षाला पोचल्या तेव्हा हे माप काढताच आलं नाही. पायाभूत चाचणी नाही तर प्रगतीही मोजता येत नाही, इतकं ते साधं आहे.

खाजण

कुळागर, पद्धत बरोबर आहे. फक्त इ आणि उ यांच्या +१८ वर जाऊ नका. इ चे जुलैचे गुण ८०, म्हणजे तो ६१ ते ८० या गटाच्या अगदी वरच्या काठावर. त्या गटाची ६२ ही अपेक्षा साधारण ७०-७१ वाल्यांची आहे. ८० वाल्याला ती कमीच पडणार. उ ६० वर, तोही काठावर. गट केले की काठावरच्या मुलांचा हिशोब असा चुकतो: वरच्या काठाला फुकटची प्रगती, खालच्या काठाला फुकटची घसरण.

गटांऐवजी सरळ रेषा घ्या. १६० मुलांचे जुलैचे गुण एका रकान्यात, एप्रिलचे शेजारी, मग 'फोरकास्ट'चं सूत्र. ते प्रत्येक मुलाला त्याच्या नेमक्या जुलैच्या गुणांवरून अपेक्षा देतं. वर दिलेल्या चार सरासऱ्यांमधून रेषा काढली तर ८० ला अपेक्षा साधारण ७१ येते आणि ६० ला ५८. मग इ चे +९, उ चे +१२. अजूनही छानच, पण 'वर्गात सर्वांत जास्त प्रगती इ ची' हे वाक्य खोडावं लागतं.

रेषा काढण्याआधी स्कॅटर चार्ट (दर मुलाचा एक ठिपका, आडवे जुलैचे गुण, उभे एप्रिलचे) मात्र डोळ्यांनी बघा. २० पैकी २० मिळवलेल्यांची वर गर्दी झाली असेल तर पेपरचं छत लागलंय. जुलैत ९५-१०० वाल्यांना वर जायला जागा नाही, ती मुलं कितीही शिकली तरी प्रगती शून्य किंवा उणे दिसणार. अशांसाठी दोन-तीन कठीण प्रश्न वेगळे ठेवावे लागतात.

सातवीण

आणि ९.३ या आकड्याभोवती किती धुकं आहे तेही सांगायला हवं. केंद्रातल्या मुलांचे प्रत्यक्ष वजा अपेक्षित गुण किती पसरलेत, म्हणजे त्यांचं प्रमाण विचलन, समजा १५ आहे. १० मुलांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी, म्हणजे ती सरासरी नुसत्या योगायोगाने साधारण किती हलते = १५ भागिले १० चं वर्गमूळ = ४.७. तिची १.९६ पट (९५ टक्के खात्रीसाठी एवढी धरतात) म्हणजे ९.३. योगायोग बघा: ९.३ अधिक-उणे ९.३. खरी प्रगती ० ते १८.६ यांत कुठेही असू शकते. रेषेची पद्धत घेतली तर सरासरी ८.५ च्या आसपास येते आणि खालचं टोक शून्याच्या किंचित खाली जातं.

म्हणून दहाच्या वर्गाबद्दल 'पुढे गेल्याचं दिसतं, पण ठामपणे नाही' एवढंच म्हणता येतं. हाच आकडा चाळीसच्या वर्गात आला असता तर अधिक-उणे ४.६ राहिलं असतं आणि ठाम बोलता आलं असतं. विचलन वर्गाचं स्वतःचं नव्हे, केंद्राचं घ्या. दहा मुलांवरून काढलेलं विचलनच डळमळीत असतं. एकटा औ ते हलवतो.

छोट्या शाळेने यावर करायचं ते एकच: तीन वर्षांचे आकडे एकत्र करा. दरवर्षी दहा म्हणजे तीन वर्षांत तीस, आणि अधिक-उणे ५.४ वर येतं. तोवर शाळांची क्रमवारी लावू नका. केंद्राच्या यादीत सर्वांत वर आणि सर्वांत खाली बघा, दोन्हीकडे कमी पटाच्याच शाळा सापडतील. एकशिक्षकी शाळा हुशार किंवा मठ्ठ असते म्हणून नव्हे. पट लहान असला की आकडा जास्त हिंदकळतो, एवढंच.

पाणंद

हे सोन्यासारखं आहे. एक उपप्रश्न. प्रगतिपुस्तकातल्या श्रेणींवरून हे करता येईल का? पालकांना श्रेणीच कळते.

साकव

नका करू. श्रेणीचे कप्पे दहा-दहाचे आहेत: ७१ ते ८० ब-१, ८१ ते ९० अ-२. ७१ वरून ८० वर गेलेल्याची श्रेणी तीच राहते आणि ८० वरून ८१ वर गेलेला 'एक श्रेणी वर' जातो.

शिवाय आकारिक (वर्षभर चालणारं) आणि संकलित (सत्रअखेरचं) मूल्यमापन यांचा भारांश इयत्तेप्रमाणे बदलतो, हे पालकांना सोडा, कित्येक शिक्षकांच्याही ध्यानात नसतं. पहिली-दुसरीला ७०:३०, तिसरी-चौथीला ६०:४०, पाचवी-सहावीला ५०:५०, सातवी-आठवीला ४०:६०. आकारिकमध्ये कायम ९० टक्के आणि संकलितमध्ये कायम ६० टक्के मिळवणारं मूल घ्या. दुसरीत त्याचे ६३ + १८ = ८१, श्रेणी अ-२. तिसरीत ५४ + २४ = ७८, श्रेणी ब-१. सातवीत ३६ + ३६ = ७२. मूल आहे तिथेच आहे, पण कागदावर दुसरीपासून सातवीपर्यंत उतरत गेलं. 'तिसरीच्या बाईंकडे गेल्यावर मागे पडला' ही तक्रार बऱ्याचदा इथून येते. प्रगतीसाठी लेखी चाचणीचे कच्चे गुणच वापरा, आकारिक त्यात मिसळू नका.

पाचवी आणि आठवीला आणखी एक पेच. २०२३-२४ पासून या दोन इयत्तांना वर्षअखेर वार्षिक परीक्षा आहे: पाचवीला विषयामागे ५० गुण, आठवीला ६०, उत्तीर्णतेला ३५ टक्के म्हणजे १८ आणि २१. नापासाची रेघ आली की तपासणाऱ्याचा हात त्या रेघेजवळ सैल होतो. गुणांचा स्तंभालेख काढा. १५-१६-१७ वर कुणीच नाही आणि १८ वर एकदम गर्दी दिसली, तर ते गुण प्रगती मोजायला वापरू नका.

कुळागर

तपासणीचा विषय निघालाच आहे तर पायाभूत चाचणीचंही बोलू. जुलैचे गुण कडक तपासले की एप्रिलची वाढ आपोआप देखणी होते. कुणी मुद्दाम करतं असं म्हणत नाही. पण दोन्ही वेळा तोच शिक्षक तपासतो आणि वाढ दाखवायची आहे हे त्याला माहीत असतं. दोन शेजारच्या शाळांनी गठ्ठे अदलाबदल करून तपासा. तेही जमत नसेल तर दर दहांतले तीन पेपर दुसऱ्याकडून नाव झाकून तपासून घ्या. २० पैकी सरासरी एकापेक्षा जास्त गुणांचा फरक निघाला तर उत्तरसूची पुन्हा एकत्र बसून वाचा. शाब्दिक उदाहरणात रीत बरोबर आणि उत्तर चूक असेल तर अर्धा गुण की शून्य, हे जुलैच्याच आधी ठरलेलं हवं.

दुसरं, जुलैत तळाला असलेल्यांना ज्यादा वर्गाला बसवतात आणि एप्रिलात 'उपचारात्मक अध्यापनाने सरासरी १५ ची वाढ' असं लिहितात. त्यातली काही वाढ तशीही झालीच असती. जुलैच्या एका दिवशी ज्यांचा पेपर नेहमीपेक्षा वाईट गेला, ती मुलंही तळाच्या यादीत येतात, आणि पुढच्या खेपेला ती आपल्या मूळ जागी परततात. ज्यादा वर्गाचा खरा परिणाम बघायचा तर केंद्रातल्या तेवढ्याच गुणांच्या, पण ज्यादा वर्ग न मिळालेल्या मुलांशी तुलना करा.

तिठा

सरासरी, रेषा, विचलन सगळं ठीक. पण सोमवारी फळ्यावर काय घ्यायचं ते यातल्या कुठल्याच आकड्यातून कळत नाही.

कुळागर

अगदी बरोबर, त्यासाठी गुणांच्या बेरजेत नव्हे, पेपरात शिरावं लागतं. प्रश्ननिहाय तक्ता करा: आडवे प्रश्न, उभी मुलं, बरोबरला १, चुकीला ०, सोडलेल्याला रेघ. चूक आणि सोडलेला हे वेगळे ठेवा. शेवटचे चार प्रश्न सगळ्यांनीच सोडले असतील तर वेळ कमी पडलाय.

मग चुकीची उत्तरं जशीच्या तशी उतरवा. ४०२ − १६७ हे उदाहरण घ्या. बरोबर उत्तर २३५. ज्याने ३६५ लिहिलं, त्याने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलं: ७ मधून २, ६ मधून ०, ४ मधून १. त्याला हातचा का लागतो हेच पोचलेलं नाही. त्याला दशकाचे गठ्ठे सोडवून द्यावे लागतील. ज्याने २४५ लिहिलं, त्याला हातचा येतो, फक्त शून्यावरून पुढे जाताना शतकाचे दहा दशक केले आणि त्यातला एक एककाला दिल्याचं विसरला. त्याला अशी पाच उदाहरणं आणि पैशांचे सुटे पुरतात. दोघांनाही शून्यच गुण, दोघेही तक्त्यात 'वजाबाकी: अप्रगत'. एकत्र बसवून तोच धडा पुन्हा घेतला तर एकाचा वेळ फुकट आणि दुसऱ्याच्या पदरी काहीच नाही.

सातवीण

औ बद्दल कुणी बोललं नाही. ३० वरून ३०, अपेक्षेच्या १२ खाली. त्याला वगळलं तर उरलेल्या नऊंची सरासरी ९.३ वरून ११.७ होते, म्हणून कुणाला मोह होईल. वगळायचं नाही. त्याच्यासाठी सरासरी बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी बघा. हजेरीपत्रक: गणपती ते दिवाळी आणि दिवाळी ते मार्च वेगवेगळं मोजा. वाचन: असर या ग्रामीण सर्वेक्षणाच्या धर्तीवर अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांत तो कुठे आहे? आणि तीच शाब्दिक उदाहरणं त्याला तोंडी विचारा. तोंडी सुटली आणि लेखी नाही, तर अडचण गणिताची नसून वाचनाची आहे. घरात मालवणी, संगमेश्वरी किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलाला 'उर्वरित', 'प्रत्येकी', 'एकूण' असे शब्द पेपरातच पहिल्यांदा भेटतात. 'उरले किती?' विचारलं की हात वर.

ग चंही तेच. मूल दाखल झालं त्याच आठवड्यात जुलैचाच पेपर द्यायचा आणि तारीख लिहायची. म्हणजे त्याचीही कुठूनतरी सुरुवात नोंदली जाते.

साकव

वर असरचा उल्लेख आला म्हणून, जिल्ह्याचे आकडे शाळेच्या तक्त्यात चिकटवणाऱ्यांसाठी. असर हे घरोघरी केलेलं ग्रामीण सर्वेक्षण: जिल्ह्यात ३० गावं, गावात २० घरं. मूल कुठल्या शाळेत जातं याच्याशी त्याच्या नमुन्याचा संबंध नाही. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण १२ नोव्हेंबर २०२१ ला झालं ते तिसरी, पाचवी, आठवी, दहावीचं. त्याच्याच पुढचं, ४ डिसेंबर २०२४ चं परख सर्वेक्षण तिसरी, सहावी, नववीचं. २०२१ च्या पाचवीचा आकडा २०२४ च्या सहावीशेजारी ठेवून 'जिल्हा सुधारला' म्हणणं म्हणजे डझनाच्या पेटीची आणि शेकड्याच्या पेटीची किंमत ताडून बघणं. निवडलेल्या शाळांतल्या निवडलेल्या मुलांवरून जिल्ह्याबद्दल बोलता येतं. तुमच्या शाळेतली दोन मुलं त्यात होती म्हणून तो आकडा तुमच्या शाळेचा होत नाही.

पाणंद

सर्वांचे आभार. समितीसाठी असा मसुदा केला आहे:

"चौथी गणित. सध्या पटावर ११ मुले, एप्रिलची सरासरी ६२. जुलै आणि एप्रिल दोन्ही चाचण्या दिलेली १० मुले, त्यांची सरासरी ६० वरून ६६.५. केंद्रातील मुलांची याच काळात ६१ वरून ५८. मुलांची संख्या कमी असल्याने हा फरक ठाम मानू नये. दहापैकी सहा मुलांचे गुण वाढले, तीन आहे तिथे, एकाचे कमी झाले. औ आणि ग यांच्यासाठी वाचनाचा वेगळा तास. हातच्याच्या वजाबाकीत दोन प्रकारच्या चुका, दोन गट."

खाजण

दोन दुरुस्त्या. औ आणि ग काढा. अक्षरं लिहिली तरी दहा मुलांच्या वर्गात कोण ते अख्ख्या वाडीला कळतं. बैठकीत त्यांचे पालकही बसलेले असतात. 'दोन मुलांसाठी वाचनाचा वेगळा तास' असं लिहिलं तरी ओळख लागतेच. त्यापेक्षा 'गरजेनुसार वाचनाचा वेगळा तास' लिहा आणि त्या दोन घरी स्वतंत्र बोला.

दुसरी: 'सहा वाढले, एकाचे कमी झाले' यात आ आणि अ आहेत. २० गुणांच्या पेपरात ५ टक्के म्हणजे एक गुण. एका गुणाचा फरक तपासणाऱ्याच्या पेनातूनही येतो. दोन किंवा जास्त गुण वाढलेले पाच, आणि उरलेले पाच साधारण होते तिथेच.

पाणंद

बदललं. 'पाच वाढले, पाच साधारण तिथेच.' औ-ग काढले. प्रश्ननिहाय तक्त्याची कोरी एक्सेल शीट उद्या इथेच टाकतो, रकाने आधीच 'टेक्स्ट' करून.